थंड इंजिनाला लागलेला दम

फोल्कमार डिस्टेलने ती गाडी आणली तेव्हा तिची एकच तक्रार होती. सकाळी गार असताना तिचं आयडलिंग जागेवर राहत नसे. इंजिनाचे फेरे भसकन वर चढत, मग इतके खाली येत की आता बंदच पडणार, आणि पुन्हा वर. इंजिन तापलं की सगळं सुरळीत.

ही तक्रार ऐकून तो खूशच झाला होता. श्वाबिया प्रांतातल्या एका कारखान्यात त्याने उभा जन्म पेट्रोल-इंजेक्शनचे पंप जुळवण्यात घालवला होता, तोही दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी. ही बसकी, दोन दारांची, गडद लाल गाडी मात्र त्याची स्वतःची होती. डोंगरापलीकडच्या गावातल्या आमराइनबाईंकडून त्याने ती घेतली होती. नवरा वारल्यापासून त्यांनी गॅरेजचं दार उघडलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या गारठ्यात शेजारचा ऑयगन ब्रेझेल, तो खारा पीळदार पाव, खात गॅरेजच्या दाराशी उभा राहिला आणि इंजिनाची ती धाप ऐकून म्हणाला, "गाडी आणलीस की दम्याचा पेशंट?"

"हवा कुठून तरी जास्तीची शिरतेय. सापडेल."

"सापडेपर्यंत शेक घाल तिला!"

फोल्कमारने शिस्तीत सुरुवात केली. तापमान सांगणारा सेन्सर तपासला, ठीक होता. गार इंजिनात जादा पेट्रोल सोडणारी तोटी कोरडी होती, गळत नव्हती. सगळ्या रबरी नळ्या नव्या घातल्या. मग हवेच्या वाटेत धूर सोडणारं यंत्र लावलं. कुठे फट असेल तर तिथून धूर बाहेर येतो, इतका साधा हिशेब. धूर कुठूनच बाहेर आला नाही. तो आत जात राहिला. यंत्र बंद केलं, नळी काढली. जरा वेळाने हवेच्या तोंडातून सगळा धूर सावकाश बाहेर आला, थांबला, आणि पुन्हा आत ओढला गेला.

इंजिन बंद होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

वारा असेल, असं तो स्वतःला म्हणाला. गॅरेजचं दार लावलेलं होतं.

धुराबरोबर वासही आला होता. पेट्रोलचा नव्हे, तेलाचा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीतला, न धुतलेल्या कवळीचा, आंबट आणि कोमट वास. दुसऱ्या दिवशी त्याने हवा गाळायची पेटी उघडली, तर आतल्या भिंतीला पिवळट, चिकट काहीतरी माखलेलं होतं. तेलाची वाफ आणि ओल मिसळली की असा लगदा होतो, हे त्याला माहीत होतं. पण तो लगदा तारेसारखा ताणला जातो, बेडक्यासारखा बोटाला लोंबतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. शिवाय तो गरम होता. बाहेर दंव पडलं होतं.

त्याने चिंधीने पुसलं, पेट्रोलने धुतलं. सकाळी पेटी पुन्हा तशीच.

"आंघोळ केलीस ना?" त्याची बायको गेर्लिंड जेवताना म्हणाली. तिने आपली मसुराची थाळी जरा लांब सरकवली. "मग तोंडाला कसला वास येतोय? विकून टाक ती गाडी, फोल्कमार. मला ती चालताना ऐकवत नाही."

"एकच झडप राहिलीय बघायची."

गार इंजिनाला जादा हवा देणारी ती छोटी झडप त्याने जागेवरून सोडवली, पुसली. तिचं इंजिनाकडचं टोक अजून नळीत अडकलेलं होतं. झडप उघडी आहे का, हे बघायची कारखान्यातली जुनी रीत सोपी होती. तोंड लावायचं आणि फुंकायचं.

त्याने ओठ लावले.

फुंकर सहज गेली. फार सहज. मग ती ओढली जाऊ लागली. छातीतली हवा त्याने सोडली नव्हती, तरी जात होती. ओठ धातूला चिकटले. तो मागे रेटा देत होता आणि मान हलत नव्हती.

मग ओढ थांबली.

आणि तिकडून श्वास आला.

ओला, गरम, खाकरलेला. जिभेवर काहीतरी सरकलं आणि त्याने ते गिळायच्या आधीच घशाखाली गेलं.

तो जमिनीवर ओकला. पाण्याने चुळा भरल्या, नंतर दारूने, शेवटी साबण जिभेवर घासला. पिवळट चव गेली नाही. मग त्याने झडप परत बसवली, कारण एवढ्यावर सोडून जाणं त्याला जमत नव्हतं. किल्ली फिरवली.

इंजिन गार होतं. ते एका लयीत चालू लागलं.

त्याने आमराइनबाईंना फोन लावला. गाडीचा दोष निघाला, एवढंच सांगितलं.

बाई म्हणाल्या, "तोंड लावलंत?"

त्याचा हात ओठांकडे गेला.

"मग आता ती त्रास देणार नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी हिवाळ्यातली पहिली खरी थंडी पडली. छपरं पांढरी झाली होती. फोल्कमारने गाडी अंगणात काढली आणि ऑयगन, गेर्लिंड दोघांना बोलावलं. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं, फेऱ्यांचा काटा जागचा हलत नव्हता. सेन्सर कसा तपासला, नळ्या कशा बदलल्या, तो सांगत सुटला. फक्त झडपेचं तेवढं गाळलं. ऑयगनने "वा रे गड्या!" म्हणताना तोंडातून वाफेचा ढग सोडला. गेर्लिंडही हसली, तिच्याही ओठांवर वाफ आली.

मग तिचं हसू थांबलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"श्वास का रोखून धरलायस?" तिने विचारलं.

तो मघापासून बोलतच होता.