हरणीची पकड

सहाशे घोड्यांच्या ताकदीची गाडी, आणि तिला एक साधा चढ चढता येईना! दूधवाल्या ताईंची स्कूटर किटल्यांसकट त्याच चढावरून टुकूटुकू वर निघून गेली. हरणी मात्र जागच्या जागी मागची चाकं गरगर फिरवत, धूर काढत, किंचाळत उभी होती. आता तुम्हीच सांगा, ताकद जास्त असलेली गाडी मागे का पडावी?

तेजल चौगुलेला हाच प्रश्न पडला होता. तेजल पाचवीत शिकत होती आणि दसऱ्याच्या सुट्टीत आप्पांकडे, म्हणजे तिच्या आजोबांकडे आली होती. आप्पांनी कोल्हापुरात जन्मभर रबरावर संशोधन केलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात. आप्पांनी जांभूळखिंडीच्या पायथ्याशी शेड टाकली आणि जुन्या गाड्यांना नवं आयुष्य द्यायचा उद्योग सुरू केला. हरणी त्यांची सगळ्यात लाडकी. विजेवर धावणारी, स्वतःला स्वतःच चालवणारी आणि तोंडानं भलतीच फटकळ अशी ती शर्यतीची गाडी होती. तिच्या मोटारीची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना मिळायची. पुढची चाकं नुसती वळण्यापुरती.

"रस्ताच खराब आहे," हरणी फुरंगटून म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आप्पा हसले.

तेजलला हसू आलं नाही. खिंडीवरच्या दवाखान्यात सर्पदंशाचं औषध पोचवायला गाडी हवी होती, कारण तिथल्या धुक्यात आणि वाऱ्यात ड्रोन भरकटायचे. दसऱ्याच्या सकाळी आरोग्य खात्याच्या डॉक्टर मुल्ला चाचणी घ्यायला येणार होत्या. हरणी चढली तर ते काम तिचं. नाही चढली तर तिचा संगणकी मेंदू काढून गोदामातल्या एखाद्या यंत्राला बसवला जाणार होता, कारण बिनकामाची बोलकी गाडी घरी ठेवायची नाही, असा तेव्हाचा नियमच होता. मग "तेजू, आलीस का?" असं कोण विचारणार?

"आप्पा, काहीतरी करा की!"

"करू की. आधी ते लोखंडी कपाट ढकल बघू."

तेजलनं कपाटाला खांदा लावला. कपाट ढिम्म. तिनं दात-ओठ खाऊन जोर लावला तसं ते एकदम सुटलं आणि मग बऱ्यापैकी सहज सरकत गेलं.

"काय कळलं?" आप्पांनी विचारलं.

"सरकायच्या आधी ते जास्त अडून बसतं. एकदा सुटलं की तेवढं अडत नाही."

"शाब्बास! त्या अडण्याला म्हणायचं घर्षण (दोन वस्तू एकमेकींवरून सरकू पाहतात किंवा सरकतात, तेव्हा त्यांना रोखणारं बल). टायर आणि रस्ता यांच्यातली पकड म्हणजे हेच घर्षण. चाक रस्त्याला मागं रेटतं, म्हणून गाडी पुढं जाते. पण पकडीला मर्यादा असते. रेटा त्या मर्यादेत असला तर चाक रस्ता धरून फिरतं. मर्यादा ओलांडली की चाक सुटतं आणि नुसतं गरगरतं. आणि एकदा सुटलं की..."

"पकड आणखी कमी होते! कपाटासारखी!"

"आता कळलं? स्कूटर मागते थोडं, रस्ता देतो तेवढं. आमची ही बया एका दमात सगळंच मागते."

"मी शर्यतीतली आहे. मला हळू येत नाही," हरणी म्हणाली खरी, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

मग तिघं कामाला लागले. हरणीचे टायर शर्यतीचे होते. ते तापल्यावरच मऊ होतात आणि रस्त्याला घट्ट धरतात. खिंडीच्या गारठ्यात ते शिळ्या भाकरीसारखे कडक राहायचे. आप्पांनी थंडीतही मऊ राहणारे टायर बसवले. हवा जरा जास्त भरली होती, ती मापात आणली. फुगलेला टायर रस्त्याला थोडाच टेकतो, मापातला नीट पसरून टेकतो. पण हवा फार कमी करणंही धोक्याचं, हे आप्पांनी तेजलला दोनदा बजावलं.

"औषधाची पेटी कुठं ठेवायची?" त्यांनी विचारलं.

तेजलनं विचार केला. एसटी सुटताना आपण मागं रेलतो. तसाच गाडीचा भारही सुटताना मागच्या चाकांवर जातो. चाकावर भार जास्त, तर पकड जास्त. "मागच्या चाकांच्या बरोबर वर!" ती म्हणाली. आप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

सगळ्यात अवघड धडा हरणीचा होता. पुढची चाकं ताकद लावत नाहीत, ती रस्त्याबरोबर फिरतात. मागची त्यांच्यापेक्षा फार जोरात फिरू लागली, की ती घसरत आहेत असं समजायचं आणि ताकद लगेच कमी करायची. याला म्हणायचं पकड-नियंत्रण (चाक घसरू लागताच मोटारीला आवरणं). हरणी चिडली, रुसली, पुन्हा शिकली. अखेर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती डौलात चढ चढून गेली. तेजलनं तिच्या बॉनेटला मिठीच मारली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं, अवजारं, गाड्या सगळ्यांची पूजा असते. तेजलनं हरणीला धुतलं, झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं. घरी बाबा टायरांच्या कडा चमकवतात, हे तिनं पाहिलं होतं. मग आपल्या हरणीला कमी का? तिनं खोबरेल घेतलं आणि टायर चोळचोळ चोळले. "हरणी, थोडी पुढं हो गं, खालचं राहिलंय!" आणि हरणीही नटायला हौसेनं पुढं झाली.

दसऱ्याला सकाळीच डॉक्टर मुल्ला आल्या. पेटी ठेवली, आप्पा आणि डॉक्टर आत बसले. हरणी शेडमधून निघाली, चढाला लागली, आणि तिची मागची चाकं घसरली. तिनं ताकद कमी केली तर ती मागं येऊ लागली. जरा वाढवली तर पुन्हा घसरली.

"तेजू, मी हळूच मागतेय गं," हरणी काकुळतीला येऊन म्हणाली. "तरी रस्ता देत नाही."

डॉक्टरांनी गंभीरपणे आप्पांकडे पाहिलं. तेजलचे डोळे भरून आले. पण रडत रडतच ती विचार करू लागली. टायर तेच. हवा तीच. भार तोच. चढही तोच. मग बदललं काय? रबर आणि रस्ता यांच्या मधेच काहीतरी आलं असणार. तिनं चाकावर हात फिरवला. बोटं तुळतुळीत झाली.

"आप्पा, मी तेल लावलंय! रस्त्याला टेकतो तिथंसुद्धा!" ती हुंदका देत म्हणाली. "तेलानं पकड इतकी कमी झाली की चढायला लागतो तेवढा रेटासुद्धा तिच्यात मावत नाही!"

आप्पा असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "अगं, चाळीस वर्षं रबराचा अभ्यास केला मी, आणि काल तुझ्याशेजारी बसून टायर किती छान चमकतायत म्हणत होतो!"

डॉक्टरही हसल्या. "चूक तिनंच शोधली ना? मग दुरुस्तीही तिनंच करू दे," म्हणत त्यांनी स्वतःच बाह्या सरसावल्या. साबणाचं पाणी आलं, काथ्याचे ब्रश आले. तिघांनी टायर घासून घासून धुतले, कोरडे पुसले.

आप्पा आणि डॉक्टर पुन्हा आत बसले. या खेपेस हरणी सावकाश निघाली. पहिलं वळण. दुसरं. चाकं कुठंच किंचाळली नाहीत. तेजल खाली उभी राहून धुक्यात शिरणारे मागचे लाल दिवे बघत होती. दिवे दिसेनासे झाले तेव्हा ती टाचा उंचावून बघू लागली. थोड्याच वेळात आप्पांनी तिच्याकडे ठेवलेल्या फोनवर हरणीचाच आवाज आला. "तेजू, मी दवाखान्याच्या दारात आहे! इथल्या नर्सताईंनी पेटी उतरवून घेतली!"

तेजल रस्त्यावरच उड्या मारू लागली.

परत आल्यावर डॉक्टरांनी हरणीच्या दारावर हात ठेवला. "हिचा मेंदू आहे तिथंच राहील. उद्यापासून कामाला. पण मला एक सांग, हरणी, तू जास्तीत जास्त किती वेगानं वर जाशील?"

शर्यतीतली हरणी असती तर लगेच आकडा सांगून मोकळी झाली असती. या हरणीनं आधी समोरच्या चढावर दिवे टाकून पाहिलं.

"रस्ता जेवढं देईल तेवढ्या, मॅडम," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर तेजलनं विचारलं, "आप्पा, चंद्रावर प्रत्येक वस्तूचा भार सहावा भागच असतो ना? मग तिथं चाकांना पकडही कमीच मिळणार. तिथं चढ कसा चढायचा?"

आप्पांनी डोकं खाजवलं. "ते मला न्हाय ठाऊक," ते म्हणाले. "तू शोधून सांग."

"आणि मला घेऊन जा," हरणी म्हणाली. "आता मला हळू येतं."