तांबटाची डावी बाजू

दुपारच्या चहाच्या वेळी तांबट सलग नवव्यांदा हरला आणि अनंत केळुसकरांनी कप खाली ठेवला.

तांबट हा त्यांचाच नायक, तांब्याच्या मुठींचा. ‘तांबट’ या चित्रकथेचे एक्केचाळीस अंक त्यांनी काढले होते आणि आता त्यांवरून लढतीचा व्हिडिओ गेम तयार होत होता. खेळ सपाट, दोनमितीय. त्या जगाला खोली नाही; शत्रू येणार तो डावीकडून नाहीतर उजवीकडून. गेम करणारी तबस्सुम मुजावर चाचणीचे यंत्र घेऊन सांगलीला त्यांच्या घरी आली होती. काहीतरी चुकते आहे, पण काय ते कळत नाही, असे तिने दारातच सांगून टाकले होते.

या खेळातल्या हालचाली कोणी हाताने रचल्या नव्हत्या. ‘रेषावाचक’ नावाची प्रणाली मूळ रेखाटने वाचून पात्राची चाल, नजर आणि सवयी शिकत असे. दोन चौकटींच्या मधली, कधीच न काढलेली चित्रे ती स्वतः भरत असे. एकदा शिकलेली पात्रे आपली आपण लढत. खेळाडूचीही गरज नसे. पहिल्या तीस अंकांवरून घडवलेला तांबट कोणाला आवरत नव्हता. शेवटच्या अकरा अंकांवरून घडवलेला मात्र प्रत्येक लढत हरत होता.

“डावीकडून ठोसा आला की तो हातच उचलत नाही, सर,” तबस्सुम म्हणाली. “घाबरतो असं नाही. डावीकडे काही असतं, हेच त्याला माहीत नाही.”

केळुसकर हसले. म्हणाले, माझ्याबरोबर तोही म्हातारा झाला असेल. मग जरा दुखावून त्यांनी विचारले की छापील अंकांत असे कुठे दिसते? त्यांनी शेवटचा अंक न बघताच उघडून तिच्यापुढे सरकवला. चित्रात डाव्या कडेला तांबटाची जुनी वैरीण काजळी उभी होती, केसांचा धूर मोकळा सोडून.

तबस्सुमने सांगितले की यंत्राला छापील अंक दिलेच नव्हते. शाईखाली मूळ रेषा हरवते, म्हणून पेटीतले पेन्सिलचे कागद, कोणी न पाहता, गठ्ठ्यानेच यंत्राला वाचायला दिले होते.

दाराशी उभ्या असलेल्या केळुसकरांच्या पत्नी नलिनीबाई हे ऐकून खालीच बसल्या.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी, एका पात्राच्या नाकावरून, नवराबायकोचे कडाक्याचे भांडण झाले होते. तेव्हापासून घरात नियम होता: पेन्सिल नवऱ्याची, शाई बायकोची, आणि एकमेकांच्या कामावर अवाक्षर काढायचे नाही. केळुसकर कागद पुरा करून नलिनीबाईंच्या टेबलावर ठेवत. खालून दिवा असलेल्या काचेवर त्या ते चित्र दुसऱ्या कागदावर शाईने उतरवत. मूळ कागद पेटीत जाई. तो पुन्हा कोणी पाहत नसे.

“तीन वर्षं मी भरतेय,” नलिनीबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. “आधी खिडक्या राहायला लागल्या. मग माणसं. मला वाटलं, कंटाळलात. बोलायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं.”

तबस्सुमने पेटीतला सर्वांत वरचा कागद काढून केळुसकरांच्या हातात दिला. त्याची डावीकडची अर्धी बाजू कोरी होती. चित्र मध्येच, जणू कात्रीने कापल्यासारखे थांबले होते.

केळुसकरांनी कागद नीट निरखला. “यात काय राहिलंय?” ते म्हणाले. “पुरा आहे की.”



नजरेचे नियम यंत्राला शिकवताना तबस्सुमने डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर काम केले होते. तिने आलटून पालटून त्यांचा एकेक डोळा झाकून पाहिला. दोन्ही डोळ्यांना डावीकडचेच दिसत नव्हते. असे असले तर दोष डोळ्यांत नसतो, त्यांच्या मागे मेंदूत असतो, असे तिने शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले. हे वाढत असेल तर थांबून चालणार नव्हते. उद्याच मिरजेला दाखवायला हवे होते.

केळुसकर चिडले. यंत्रच बिघडलेले आहे म्हणाले. बेचाळिसावा अंक हातावेगळा झाला की बघू.

“बेचाळिसावा तुझं यंत्र आधीच काढू शकेल का गं?” नलिनीबाईंनी विचारले. “गेल्या तीन वर्षांचा उतार धरून?”

तबस्सुम घुटमळली. मग तिने होकारार्थी मान हलवली आणि आकडे भरले.

पडदा उजळला. तांबट मुठी आवळून उजव्या टोकाला उभा राहिला. डावीकडून काजळी आली. ती सावकाश चालत पार त्याच्या कानापाशी येऊन थांबली. तांबट समोर बघत राहिला.

केळुसकरही बघत होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला.

“सुरू कर ना,” ते म्हणाले. “एकटाच उभा आहे बिचारा.”

नलिनीबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरली आणि त्यांचा चेहरा हलकेच डावीकडे वळवला.

केळुसकरांनी काजळीवर बोट टेकवले. त्यांनी विचारले, “ही केव्हा आली?”