तीन फिल्टरांचा डबा आणि वामनरावांचा आवाज

"वायर नीट धर बे, डुलक्या काय घेऊन राह्यला?" सफा गोविंदावर खेकसली.

"धरलीच ना! बोट भाजलं माह्यं," गोविंदा बोट चोखत म्हणाला.

साखरखेर्ड्याला दिवाळीची सुट्टी लागली होती. निजामच्या साऊंड सर्व्हिसच्या दुकानामागे, भोंग्यांच्या ढिगाआड, दोघांचा उद्योग चालला होता. सफा निजामची मुलगी, आठवीतली. जुन्या रेडिओंचे भाग जमवून तिने तीन फिल्टर जोडले होते. एक जाड आवाज कापायचा, दुसरा बारीक आवाज कापायचा, आणि तिसऱ्याचं बटण फिरवत नेलं की मधला हवा तो आवाज तेवढा वर यायचा. तिन्ही बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात बसवायचे आणि गॅदरिंगमध्ये गोविंदाचा आवाज भुतासारखा करायचा, असा बेत होता. पण सेल लवकर उतरायचे. म्हणून तिघांना मिळून एकच अडॅप्टर लावला, तर डब्यातून नुसती घुंई घुंई सुरू झाली.

"समजलं," सफा म्हणाली. "आपण पहिल्यातून दुसऱ्याले पॉवर दिली, दुसऱ्यातून तिसऱ्याले. म्हणून एकाची गडबड दुसऱ्याले लागून राह्यली. प्रत्येकाले थेट अडॅप्टरपासून वेगळी वायर देऊ."

तिने सगळं उखडलं आणि पुन्हा सोल्डरचे डाग दिले. घुंई थांबली. गोविंदा माईकमध्ये "हू हू" करून ओरडला आणि पाण्याच्या टाकीतून बोलल्यासारखा आवाज आला. दोघं पोट धरून हसले. मग सफाला आठवलं की हसायला त्यांच्यातली तिसरी नाही.

"वंदना काऊन नाही आली?"

गोविंदाने मान खाली घातली. "तिच्या घरचं पीठ नाही नेलं, सफे. रोडग्याच्या पंगतीले."

सफाचे हात थांबले. दिवाळीनंतर मारुतीच्या पारावर रोडग्यांची पंगत व्हायची. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, संगतीला वांग्याची भाजी आणि वरण. घरोघरचं पीठ एकत्र व्हायचं. निजामच्या घरचंही जायचं, कुणी कधी जात विचारली नव्हती. आणि वंदनाचे आजोबा वामनराव तर या पंगतीचे सगळ्यांत जुने मानकरी. यंदा त्यांच्या दारावरून पिठाची टोपली तशीच पुढे गेली होती.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. बीटी कपाशी गावात तेव्हा नवीच होती. यंदा पेरणीच्या आधी मोतीराम नावाचा एजंट ऑटोवर भोंगा लावून बियाण्याची पाकिटं विकायला आला होता. भोंग्यातून वामनरावांचा आवाज यायचा. "इतक्या सालात असं पाह्यलं नाही. माह्या भरवशावर डोळे झाकून घ्या." वामनरावांचा शब्द म्हणून गावाने पाकिटं घेतली. ती खोटी निघाली. मोतीरामने कंपनीवर बोट दाखवून हात झटकले. अळीने बोंडं पोखरली आणि वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या. वामनराव सांगून थकले की मी त्या माणसाशी एक शब्द बोललो नाही. पण आवाज तर त्यांचाच! लोकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

"आबा जेवत नाहीत म्हणते वंदना," गोविंदा पुटपुटला. "आणि माही आई तिले आमच्या घरी येऊ देत नाही."

सफाच्या डोक्यात तिडीक गेली. तोंडातून काही निघणार तेवढ्यात रस्त्यावरून कर्णा वाजला. मोतीरामचाच ऑटो! आता तुरीवरच्या अळीचं औषध घेऊन आला होता. त्याच्याच बियाण्याने बुडालेल्या गावात! ढोलकी धडाडत होती, आणि मागून वामनरावांचा आवाज. "इतक्या सालात असं पाह्यलं नाही..." मग एक खोकला. "माह्या भरवशावर डोळे झाकून घ्या."

"ऐकलं?" सफाने गोविंदाचा दंड धरला. "खोकला. मागच्या वेळेसही तिथंच खोकले होते. बियाण्याले तेच बोलणं आणि औषधालेही तेच? आणि ही ढोलकी एवढी मोठी कशाले लावली? खाली काहीतरी दाबलं त्यानं."

"मग?"

"मग ढोलकी कापू. डबा कशाले बनवला?"

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळीच सफा वंदनाच्या दारात उभी राहिली. वंदनाचे डोळे सुजलेले होते.

"नाही येत मी. लोक बोटं दाखवतात."

"दाखवू दे. आज त्याच बोटाईले तोंडात घालायला लावते. तू फक्त आबाले बाजारात घेऊन ये," सफा म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता निघाली.

बाजार भरला. मोतीराम पानठेल्यावर गप्पा झोडत असताना गोविंदा चेंडू शोधायच्या निमित्ताने ऑटोखाली शिरला आणि अँप्लिफायरची वायर ओढून बाहेर आला. भोंगा मुका झाला. मोतीरामने खटपट केली, दोन शिव्या हासडल्या आणि निजामच्या दुकानात आला. दुसरं दुकान गावात होतं कुठे? निजाम गिऱ्हाइकाला माईक दाखवत होता. सफा लगबगीने पुढे झाली.

"काका, अँप्लिफायर गेला दिसते. दुरुस्त होईपर्यंत आमच्या भोंग्यावर वाजवू का तुमची कॅसेट? साऱ्या बाजारात ऐकू जाईल."

"वाजव, वाजव. हुशार आहे रे पोर," मोतीराम खुशीत म्हणाला आणि कॅसेट तिच्या हातात दिली.

सफाने कॅसेट घातली. टेपची वायर डब्यात, डब्याची वायर भोंग्यात. ढोलकी घुमली. वामनरावांचा आवाज आला. भाजी घेणाऱ्यांनी तोंडं फिरवली. बाजाराच्या टोकाला वामनराव वंदनाचा हात धरून उभे होते. कोणीतरी त्यांच्याकडे बघून थुंकलं. सफाने ते बघितलं आणि पहिलं बटण एका झटक्यात टोकाला नेलं.

ढोलकी बसली. तिसरं बटण ती हळूहळू फिरवू लागली. आधी भांड्यांचा खणखणाट, मग माणसांची कलकल.  आणखी थोडं फिरवलं आणि भोंग्यातून खणखणीत हाक उठली.

"रोडगे... रोडगे घ्या रोडगे! वांग्याची भाजी कोणाले? वरण इकडं आणा!"

बाजार जागच्या जागी थांबला. ही हाक अख्खं गाव ओळखत होतं. दर पंगतीला वाढपी म्हणून शालिग्रामच हाका द्यायचा. आणि यंदा वामनरावांच्या दारावरून टोपली पुढे नेणाराही तोच. तो वांग्यांच्या ढिगापुढे उभा होता. स्वतःचाच आवाज ऐकून त्याची पिशवी खाली पडली.

"ही तर मागच्या सालची पंगत आहे," तो म्हणाला. "वामनराव स्वयंपाक्याची तारीफ करून राह्यले होते. रोडगे डोळे झाकून घ्या, असं म्हणत होते लोकाईले."

मोतीराम कॅसेटवर झडप घालायला गेला, पण गोविंदा आडवा पडला आणि शालिग्रामने त्याचं मनगट धरलं. "कुठं चालला? चौकीवर जाऊ आता."

"पंगतीची कॅसेट याच्याकडे आली कशी?" कोणीतरी विचारलं.

निजाम हातातला माईक ठेवून पुढे आला. "मी दिली," तो म्हणाला. "पंगतीच्या भजनाचं रेकॉर्डिंग माझंच. यानं ऐकायला मागितली. कशाले ते मी नाही विचारलं, बाबा."

सफा बापाकडे वळली. "अब्बा, त्यांचा आवाज होता तो. तुमचा नव्हता द्यायला. आणि एवढे दिवस आबा शिव्या खात होते, तुमच्या नाही ध्यानात आलं?"

 निजाम जाऊन वामनरावांच्या पायाशी वाकला.

चौकीवर मोतीरामला बसवून आल्यावर सगळा घोळका सफाभोवती जमला. "वाघीण आहे बे निजामची पोर," "डबा कसा बनवला ते शाळेत दाखव," असं चालू झालं. शालिग्रामने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरी. गावाचे कान उघडले."

सफाने डोकं बाजूला घेतलं. राग अजून उतरला नव्हता तिचा.

"कान उघडेच होते काका. आबा बोलले तेव्हा तुम्ही भाजीची बादली घेऊन त्यांच्या बाजूलेच होते. तुम्ही तर तिथंच ऐकलं होतं. मग काऊन विसरले?"

शालिग्रामने हात मागे घेतला आणि घरची वाट धरली. 

संध्याकाळी तो टोपली घेऊन वामनरावांच्या दारात आला. मागे निम्मं गाव. गोविंदाची आई पुढे झाली आणि तिने वंदनाला जवळ ओढलं. वामनराव ओसरीवर बसले होते. त्यांनी कोणाला या म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. 

"पीठ ने," ते म्हणाले. "पण यंदा वाढाले नको उभा राहू, शालिग्राम. माह्या बाजूले बसून जेवजो. मी काय बोलतो ते नीट ऐकजो."

"हाव," शालिग्राम म्हणाला. त्याने टोपली ओसरीवर ठेवली.

वंदना टोपली उचलून पीठ आणायला आत गेली.