अल्पशा आजाराने

त्या काळी एकच वर्तमानपत्र घरोघरी वेगळं उमटायचं. आत्महत्येची बातमी भडकपणे, बारकाव्यांसकट दिली की आधीच खचलेला वाचक त्याच वाटेकडे ओढला जातो, हे जुनं निरीक्षण. म्हणून आली मनचाळणी ही संगणकप्रणाली. कोण कुठल्या बातमीवर थबकतो, कधी झोपतो यावरून तो किती खचलाय हे जोखून ती प्रत्येक बातमी ज्याच्या-त्याच्यापुरती लिहायची.

कुसुमावती निंबकरांना तिचा कोण अभिमान! निवृत्त होण्याआधी त्या वृत्तसंपादक होत्या आणि चाळणीचे नियम त्यांनीच लिहिले होते. आता सोलापूरच्या घरात त्यांच्याशी बोलायचा तो फक्त कुकर. पुण्याची मैत्रीण हेमलता दाणी अधूनमधून फोन करायची, तेवढाच काय तो जिवाला आधार.

त्या सकाळी बातमी आली, ‘हेमलता दाणी यांचे अल्पशा आजाराने निधन.’ कुसुमताई ढसाढसा रडल्या.

दुपारी शेजारच्या विमलबाई आल्या. “वाईट झालं की ओ ताई. दाणीबाईंनी आत्महत्या केली म्हणं.”

“काहीतरीच! आजारानं गेली ती.”

विमलबाईंनी आपल्या वर्तमानपत्राचा पडदा पुढे केला. आत्महत्या असंच होतं. कशी ते नव्हतं, खाली मदतीचा क्रमांक होता. सगळ्यात खचलेल्या वाचकाला तो शब्दही दिसू नये, म्हणून त्याच्यासाठी ‘अल्पशा आजाराने’ कुसुमताईंनीच सुचवलं होतं. मराठी माणूस त्या शब्दांपाशी कधी थांबत नाही ना!

त्यांनी चाळणी बनवणाऱ्या डॉ. तन्वीर मुजावरांना फोन लावला. “तन्वीर, चाळणीनं मला खचलेल्यांत कधी घातलं?”

“तुम्ही स्वतः विचारलंत म्हणून उघडतोय, ताई.” त्याने नोंद पाहिली. “दिवाळीपासून.”

“आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही?”

“कुणाला ठाऊकच नव्हतं. चाळणीचा अंदाज माणसानं बघायचा नाही, हा तुमचाच आग्रह. वाचकाची अब्रू म्हणून.”

“होय रे. माझाच.” मग त्यांना संक्रांतीचा फोन आठवला. हेमा हसत म्हणाली होती, “कुसुम, हल्ली सगळे अल्पशा आजारानेच जातात बघ.” आणि त्याही हसल्या होत्या, “हो ना गं, माझ्याकडेही तसंच!”

आपण खचलेल्यांत आहोत हे दोघी एकमेकींना सांगून बसल्या होत्या आणि दोघींनाही कळलं नव्हतं.

“ताई? ऐकताय ना?”

“तन्वीर,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मला बरं वाटत नाहीये रे. दिवाळीपासून. फोन ठेवू नकोस.”