रॉयस हातमोजे का काढत नव्हता

नैर्ऋत्य टास्मानियाच्या रानात आम्ही तिघं शिरलो ते एक विमान शोधायला. माझा नवरा कीथ तरुणपणीच ते छोटं विमान घेऊन या डोंगरांवरून गेला होता, तो परतलाच नाही. यंदा वणव्यानं झाडी जळाली आणि एका वैमानिकाला कड्याखाली काहीतरी चकाकताना दिसलं. वाट दाखवायला लिंडसे होती, जन्मभर जंगलखात्यात काढलेली. तिसरा माझा दीर, रॉयस. कीथच्या विमानाची देखभाल तेव्हा तोच करायचा.

माझा त्याच्यावर तेव्हापासून संशय होता. आता तर तो जास्तच बळावला. रॉयस चामड्याचे हातमोजे जेवतानाही काढत नव्हता. चीज कापायची वेळ आली की सुरी माझ्यापुढे सरकवायचा. संध्याकाळी पाठ फिरवून तोंडात काहीतरी टाकायचा. आणि चढावर सगळ्यांत मागे!

"त्याला विमान सापडायला नकोय," मी लिंडसेला म्हटलं.

"मग आला कशाला?"

"आपल्याला काय सापडतं ते बघायला."

"डेझली, तू ना, सावलीलासुद्धा जाब विचारशील."

दलदल ओलांडली तेव्हा तिघांच्याही पायांना जळवा लागल्या होत्या. आमच्या जखमा सुकल्या. रॉयसचा पायमोजा मात्र दुपारपर्यंत भिजून लाल झाला. मी बघतेय म्हटल्यावर त्यानं दुमडलेला विजारीचा पाय झटकन खाली ओढला.

"ओरखडा आहे," तो म्हणाला.

माझा विश्वास बसला नाही.

शेवटच्या खिंडीत धुकं फाटलं आणि समोरच्या कड्याखाली तो पांढरा पंख दिसला. मध्ये फक्त एक घळ होती. मी धावत सुटले. मागे दगड निसटला. धप्प! वळून बघते तो रॉयस खाली, डोकं खडकाला टेकलेलं.

तो लगेच उठून बसला. "काही नाही झालं. चला."

"अगदी मोक्याला पडलास," मी म्हणाले. तरी पिशवीतून माझी अंगदुखीची गोळी काढून पुढे केली.

त्यानं हात मागे घेतला. "ती मला चालत नाही."

"का?"

त्यानं पाय आखडून घेतला. लिंडसेनं त्याच्या विजारीचा पाय वर सरकवला. जळूच्या जखमेतून रक्त अजून झिरपत होतं. तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं. "रक्त पातळ करायची गोळी घेतोस ना?"

"हृदयाचे ठोके चुकतात. गुठळी होऊ नये म्हणून. जरा कापलं तरी रक्त थांबत नाही, त्यासाठी हे हातमोजे." तो माझ्याकडे बघत नव्हता. "सांगितलं असतं तर तुम्ही मला आणलं नसतं. कीथ माझा भाऊ होता, डेझली."

लिंडसेनं कापड घडी करून जखमेवर घट्ट दाबलं, मग संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र काढलं.

"अगं, मला डोकेदुखीसुद्धा नाही," रॉयस म्हणाला. "विमान बघून या, मग मदत बोलवा."

"डोक्याला मार लागलाय. आत रक्त साचायला लागलं तर कळेपर्यंत उशीर होतो. पण डेझली, आत्ता बोलावलं की त्याच्याजवळच थांबायचं, विमानापर्यंत जाता येणार नाही. धुकं परत येतंय. पुन्हा असं दिसेलच असं नाही."

पंख समोर होता. इतकी वर्षं मी रॉयसला मनात आरोपी करून ठेवलं होतं; तो दोषी होता का, याचं उत्तर तिथे पडलं होतं. मी त्याला नीट बघितलं. म्हातारा झाला होता तो. चिखलात बसून जखमेवरचं कापड दाबून धरत होता.

"बोलव," मी म्हणाले.

त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होतात का ते बघत राहा, लिंडसेनं मला सांगितलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत रॉयसची जीभ जड झाली, शब्द घसरू लागले. इस्पितळात डॉक्टरांनी आधी गोळीचा परिणाम उतरवणारं औषध दिलं, मग शस्त्रक्रिया केली. तो वाचला.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "वरून विमान दिसलं का? हेलिकॉप्टर कड्यावरूनच गेलं असेल."

"गेलं असेल," मी म्हणाले. "मी तुझ्या डोळ्यांच्या बाहुल्यांकडे बघत होते."