साठ रुपयांचा डॉलर

रंजिता पवारला खरं तर नेहमीच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं होतं. पण तो निघाला परगावी! म्हणून ती बोरी अरबच्या बाजारातल्या पलीकडच्या दुकानात शिरली. कॉम्प्युटरमागून बादल राठोडनं मान वर केली… आणि तिथंच घोळ झाला.

बंजारा तांड्यावरच्या बायांनी भरलेल्या, काचा-कवड्यांच्या दोनशे पिशव्या अमेरिकेतल्या एका दुकानाला हव्या होत्या, आणि त्यांचा भाव रंजिताला मेलनं कळवायचा होता. भाव रुपयातच पक्का कर, असं रंजितानं दोनदा बजावलं. पण बादलची बोटं कीबोर्डवर आणि डोळे तिच्या झुमक्यांवर! भाव ठरला डॉलरमध्ये, दोन हजार डॉलर. तिकडून लगेच मंजूरही झाला.

दुसऱ्या दिवशी ती तणतणत आली. "काहून रे, डोळे कुठी होते तुहे?"

"तुह्या… म्हणजे… स्क्रीनवर."

"खोटारडा!" ती म्हणाली खरी, पण हसू काही तिला आवरलं नाही.

मग पिशव्यांचे फोटो काढायच्या निमित्तानं बादलची मोटरसायकल आठवड्यातून तीनदा तांड्यावर दिसू लागली. बायांची पुढारीण, म्हातारी रुपीबाई, एकदा हातातली सुई थांबवून म्हणाली, "पोरा, रिकाम्या हातानं किती चकरा मारशीन? आपल्यात पोरगी मागाची असली त गूळ घेऊन येतेत!" बादलची अशी गाळण उडाली, की गाडीला किक बसेना.

पैसे यायचे होते बुधवारी. नेमका त्याच दिवशी अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल! मोबाईलवर एक बुवा बोंबलून सांगत होता, निकाल लागला की डॉलर चौऱ्याऐंशीवरून थेट साठवर आपटणार. बायांना मजुरीचा शब्द रंजितानं दिला होता. तो मोडला, तर उद्या तिच्या भरवशावर कोण सुई हातात घेणार?

बुधवारी दुपारी ती धापा टाकत दुकानात शिरली. "काय झालं?"

बादल स्क्रीनकडे आ वासून बघत होता. "डॉलर… वाढला."

"काय?"

"सतरा पैशानं. अन् शेअर बाजार बी वर गेला."

सतरा पैसे! जिवाला एवढा घोर, आणि हाती काय, तर तीनशे चाळीस रुपये उलट जास्तच! रंजिता खदखदून हसली. हसता हसता तिचं लक्ष दाराबाहेर गेलं.

"गाडी कुठी हाय तुही?"

बादलनं ड्रॉवरमधून एक जाड पाकीट काढून तिच्यापुढे सरकवलं. "कालच इकली. वाटलं, साठवर आला त बायांची मजुरी कुठून देशीन तू… चूक त माहीच होती ना."

हा माणूस तिच्या शब्दापायी गाडी विकून बसला होता, आणि तिला पत्ताही नव्हता! रंजिताचे डोळे भरून आले.

"येडा हायेस का रे? आता तांड्यावर कसा येशीन?"

"पायी येईन…" तो चाचरला, "तू नको म्हणशीन, त नाही येणार."

"नाही कसा येशीन!" तिनं पाकीट त्याच्या हातात कोंबलं. "आधी पैसे देऊन गाडी वापस आण. अन् येताना… किलोभर नको आणू. सारा तांडा खाईन एवढा आण."

"काय आणू?"

"गूळ, अजून काय!"

साठ रुपयांच्या डॉलरनं बसला नसता, असा धक्का बादलला बसला.