वाढत्या अंगाचं माप

प्रेमिलाने रविंद्रला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तिचा टेप आधीच त्याच्या गळ्याभोवती होता.

त्यात तिचा काही दोष नव्हता. मुलींच्या एका शाळेचे बसड्रायव्हर आणि शिपाई त्या दिवशी मापं द्यायला येणार होते. ते एकामागून एक शिवणकेंद्रात शिरले आणि त्यांच्या पाठोपाठ हा उंच, किडकिडीत तरुण आला. तिने वर न बघताच "हात वर" म्हटलं. त्याने निमूट हात वर केले. खांदा झाला, छाती झाली, बाही झाली... कॉलरचं माप घेताना तिची बोटं त्याच्या मानेला लागली, तेव्हा कुठे तिने मान वर केली. तो हसू दाबत होता.

"ड्रायव्हर ना तुम्ही?"

"नाही. मी कॉम्प्युटरवाला."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुम्ही हात वर म्हटलं... मी घाबरलो ना."

प्रेमिला कानापर्यंत लाल झाली. लिहिलेलं माप मात्र तिने खोडलं नाही.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. इंदोरा वस्तीतल्या महिला शिवणकाम सोसायटीला त्या शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं होतं, आणि सोसायटीच्या अध्यक्ष सिंधूताईंनी खटपट करून अनुदानातून एक कॉम्प्युटर आणवला होता. कॉम्प्युटरला गारवा लागतो म्हणून केंद्रातला एकुलता एक कूलर त्याच्या खोलीत गेला. बायकांना त्या यंत्राबद्दल एकाएकी जी ओढ वाटू लागली, तिचं निम्मं श्रेय वाळ्याच्या गार वाऱ्याला द्यायला हवं.

रविंद्र मेश्राम सीताबर्डीवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याने सोसायटीसाठी एक तक्ता बनवून दिला होता. त्याला तो स्प्रेडशीट म्हणे. मुलीची उंची, छाती, कंबर घातली की तक्ता आपला आपण हिशेब करून कापड किती लागेल आणि कटिंग कोणत्या मापाने करायचं ते सांगायचा. तक्ता हुशार होता, पण फार भोळा. केंद्रातल्या कौशल्याबाईंचा जन्म कटिंग करण्यात गेलेला, त्यांना उत्तर आधीच ठाऊक असे. त्यांनी ते थेट उत्तराच्या चौकटीत टाइप केलं. मागचं सूत्र पुसलं गेलं, आणि बालवाडीपासून दहावीपर्यंत प्रत्येक मुलीला एकच माप येऊ लागलं.

सिंधूताईंनी डोक्याला हात लावला. त्यांनी रविंद्रला सांगितलं की असं काहीतरी करा, भरायचं तेवढंच भरता यावं आणि बाकी कशाला कोणाचा हात लागू नये. मग तो त्या तक्त्याचा फॉर्म करायला बसला. सूत्रं मागे नेऊन कुलूपबंद केली. समोर फक्त प्रश्न आणि प्रश्नांपुढे रिकाम्या चौकटी राहिल्या. एक चौकट भरली की कर्सर टुणकन पुढच्या चौकटीत जाई. मशीनला देवनागरी येत नव्हती, त्यामुळे प्रश्न मराठी पण अक्षरं इंग्रजी. ती अक्षरं भराभर वाचणारी केंद्रात एकटी प्रेमिला होती. साहजिकच फॉर्म भरून बघायचं काम तिच्याकडे आलं. दोन खुर्च्या, एक कीबोर्ड आणि मागे घरघरणारा कूलर.

एकदा तिने कंबरेच्या जागी उंची घातली. हिरव्या अक्षरांत ओळ उमटली – ताई, पुन्हा मोजा.

"तुमच्या मशीनले सांगून द्या, मले ताई म्हणू नको."

"बाकीच्या साऱ्यांले चालते."

"मले नाही चालत."

रविंद्र कीबोर्डकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मशीन म्हणते... मी कधी म्हटलं?"

खरंच, त्याने कधी म्हटलं नव्हतं. आणि केंद्रातल्या सगळ्या जणी त्याला भाऊ म्हणत असताना प्रेमिला त्याला कशानेच हाक मारत नव्हती. कौशल्याबाईंच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर नुसतं "पुन्हा मोजा" येऊ लागलं.

सगळं ठीक होतं, एक गोष्ट सोडून. रविंद्रला पुण्याच्या एका कंपनीत कायमची नोकरी लागली होती. हे काम हातावेगळं झालं की मी निघणार, असं त्याने सिंधूताईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे फॉर्म जसजसा शहाणा होत गेला तसतसं प्रेमिलाचं मन कशात लागेना. एका दुपारी तिने बाही उलटी जोडली, उसवली, आणि पुन्हा उलटीच जोडली. तेव्हा तिने स्वतःशी कबूल केलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत. मग तिसऱ्यांदा बाही नीट लागली.

फॉर्म पुरा झाला. त्यावरून पहिले फ्रॉक शिवून शाळेत गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. मुख्याध्यापिकेने नमुन्यादाखल एका मुलीला फ्रॉक घालूनच पाठवलं होतं. दारातून आधी फ्रॉक आत आला, मुलगी त्यानंतर. पुढची खेप अशीच निघाली तर काम काढून घेऊ, असा निरोपही सोबत होता.

रविंद्रने पुण्याला कळवून थोडी मुदत मागून घेतली आणि सूत्रं तपासायला बसला. चूक सापडेना. तो स्वतःचं माप घालून बघे, तर उत्तर अगदी बरोबर येई. मुलींचं माप घातलं की तंबू.

चूक प्रेमिलाला सापडली, तीही भलतीकडेच. कौशल्याबाई एका मुलीची छाती मोजत होत्या. मुलीची आई म्हणाली, "वाढत्या अंगाचं ठेवजा बाई, दोन वर्षं पुरलं पाह्यजे." कौशल्याबाईंनी मान डोलावली, पण त्यांची दोन बोटं टेपखाली आधीच गेलेली होती. प्रेमिला बघतच राहिली. केंद्रातली प्रत्येक बाई लेकराचं माप असंच घेत होती. ती स्वतःही. कोणी शिकवलं नव्हतं, हाताला सवयच ती. आणि तिकडे रविंद्रने सिंधूताईंना विचारून लहान मुलांसाठीची वाढ सूत्रातही घातली होती. म्हणजे लेकरू दोनदा वाढत होतं. मोठ्या माणसाच्या मापात कोणी बोटं घालत नाही आणि सूत्रही त्याला वाढवत नाही, म्हणून रविंद्र तेवढा नेमका बसत होता.

हे तिने लगेच सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. चूक सापडेपर्यंत तो रोज येणार होता, आणि सापडली की जाणार होता.

दोन दिवस तिने तोंड मिटून काढले. तिसऱ्या दिवशी ती माठातलं पाणी घेऊन गेली, तर तो पडद्यासमोर कपाळ धरून बसलेला. डोळे तांबारलेले.

"मलेच काही येत नाही वाटते," तो म्हणाला. "तिकडं पुण्याले जाऊन तरी काय दिवे लावणार..."

पेला टेबलावर ठेवून ती म्हणाली, "चूक तुमच्या फॉर्मात नाही. आमच्या बोटात आहे."

आणि तिने टेप काढून, त्याखाली दोन बोटं घालून त्याला दाखवलं. तो आधी बघत राहिला, मग खो खो हसत सुटला. हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, "कधी समजलं तुम्हाले?"

"परवा."

"मंग... सांगितलं काहून नाही?"

टेप गुंडाळायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा फार जास्त वेळ ती तो गुंडाळत राहिली. त्याने पुन्हा विचारलं नाही. फॉर्ममध्ये मात्र एक प्रश्न वाढवला – माप नेमकं की वाढत्या अंगाचं? उत्तर द्याल तसं सूत्र वागू लागलं. दुसरी खेप मुलींच्या अंगाला चापून चोपून बसली, आणि शाळेने पुढच्या वर्षाचंही काम देऊन टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी रविंद्र निरोप घ्यायला आला. सिंधूताईंनी चहा पाजला, बायकांनी भाऊला भरभरून आशीर्वाद दिले. शेवटी तो कूलरच्या खोलीत गेला. प्रेमिलाने त्याच्या हातात घडी घातलेला आकाशी शर्ट ठेवला.

"माप कुठून घेतलं?"

"घेतलं होतं ना. ड्रायव्हर होते तेव्हा."

त्याने तो अंगातल्या शर्टावरच चढवला. खांदे बरोबर, बाही बरोबर, कॉलर बरोबर. पोटाशी मात्र मूठभर कापड मोकळं.

"हे नेमकं माप नाही," तो म्हणाला.

"वाढत्या अंगाचं आहे."

"माझं काय आता वाढणार आहे?"

प्रेमिला त्याचं वरचं बटण लावू लागली. "लग्न झाल्यावर माणसं सुटतात."

कूलर घरघरत होता.

"कोणाच्या हातचं खाऊन?"

तिने वर पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तितक्याच जवळून. "माझ्या," ती म्हणाली.

मग त्याने बटणावरचा तिचा हात धरला. "येशील पुण्याले?"

'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, हे तिने विचारलं नाही. "तिथं कूलर लागत नाही म्हणतात," ती म्हणाली. "मंग येतो."

दाराआड कौशल्याबाईंनी सोडलेला सुस्कारा दोघांनाही ऐकू आला.

ठरल्याप्रमाणे रविंद्र पुण्याला गेला, आणि दिवाळीच्या सुट्टीत कामठीहून आईला घेऊन प्रेमिलाच्या घरी आला. फॉर्म पुढे कितीतरी वर्षं चालला, सूत्राला कोणाचा हात लागला नाही. आकाशी शर्ट लग्नात त्याला सैलच होता. पुढच्या दिवाळीला तो नेमका बसला, आणि त्यानंतर प्रेमिलाला बाजूची शिवण उसवून आत राखून ठेवलेला कापडाचा दाब मोकळा करावा लागला.